विषाचा पीळ

१

मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता, आरोग्य खात्याच्या पाच पाहुण्यांसमोर, स्फाक्स शहरातल्या विंचूदंश केंद्राच्या विषानं आपल्या तोंडात बसवलेलं बूच थुंकून दिलं.

पडद्यावर थुंकलं. खरं विष तळघरातल्या फ्रीजमध्ये होतं आणि त्याला खात्याच्या पाहुण्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

काळ्या विंचवाच्या विषाचा एक रेणू असतो. त्याला एका बाजूला खोबण असते, आणि ती खोबण बुजवली की विषाचं काम संपतं. डॉक्टर दलंदा हिनं तीन वर्षं खपून त्या खोबणीत बसेल असा एक इवलासा रेणू घडवला होता. केंद्रात त्याला सगळे ‘बूच’ म्हणत. हे सगळं बघायचं ते केंद्रातल्या एकाच यंत्रावर. त्यावर एक प्रोग्राम होता, जो रेणू कलिंगडाएवढा करून दाखवतो, हवा तसा फिरवू देतो. मापं घेणं, रंग देणं, बूच खोबणीजवळ नेणं, असली हमाली हातानं करायची नसते. त्यासाठी प्रोग्रामच्या पोटातच पायथन, म्हणजे अजगर, नावाच्या भाषेतल्या स्क्रिप्ट, म्हणजे हुकमांच्या याद्या, चालवायच्या. विंचवाच्या घरात अजगर पाळलेला, आणि दोघांचं छान चाललं होतं.

मंगळवारी दलंदानं तोच प्रोग्राम उघडला. तीच फाइल घेतली. तीच स्क्रिप्ट चालवली. बूच सरकत सरकत विषाजवळ गेलं आणि खोबणीत बसायच्या ऐवजी भिंतीतून आरपार निघून दुसऱ्या बाजूला खिळ्यासारखं बाहेर आलं.

तिनं पुन्हा चालवली. पुन्हा आरपार.

पाहुण्यांनी लिंबाचं सरबत संपवलं, घड्याळं बघितली आणि उठले. केंद्राचे प्रमुख प्राध्यापक हेदी कम्मून त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आले, ते दार लावून घेऊनच.

“तीन वर्षं तू आम्हाला खोटं चित्र दाखवत होतीस,” ते म्हणाले, “किंवा कुणीतरी तुझं खरं चित्र बिघडवलं. गुरुवारपर्यंत कळलं नाही, तर मी पहिलं धरून चालणार. किल्ली ठेवून जायची आणि पदवीचीही चौकशी होईल.”

गुरुवारी बाराला बुचाच्या चाळीस कुप्या घेऊन गाडी दक्षिणेला तोझरच्या इस्पितळाकडे निघायची होती. ऑगस्ट होता. ऑगस्टात तोझरकडे रोज कुणीतरी चावलेलं येतं.

“आणि गाडी?” दलंदानं विचारलं.

“गाडी जाणार. पडद्यावरचं चित्र बिघडलं म्हणून औषध बिघडत नाही.”

यंत्रांची व्यवस्था बघणाऱ्या जलीलानं तोवर फाइल तीनदा तपासली होती. तारीख तीन वर्षांपूर्वीची. एक अक्षर बदललेलं नव्हतं.

२

“पोलीस नकोत,” प्राध्यापक हेदी शेदलीला म्हणाले. “पोलीस आले की मागून वर्तमानपत्रवाले येतात.” मी वर्तमानपत्रात लिहितो, म्हणून हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

शेदली आणि हेदी एका शाळेतले. शेदली पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाला, त्याला नऊ वर्षं झाली. त्याला गाडी चालवता येत नाही. खात्यानं तीस वर्षं चालक दिला, त्यामुळे शिकायची वेळच आली नाही. म्हणून सोबत चालक मी. बुधवारी सकाळी आठला आम्ही केंद्रात होतो, कारण उन्हाळ्यात सगळ्या कचेऱ्या दोनला बंद होतात आणि स्फाक्समध्ये दोननंतर खुनी शोधायलाही कुणी थांबत नाही.

“तुला यातलं काय कळतं?” मी पायऱ्यांवर त्याला विचारलं.

“काहीच नाही. खुनातलंही कळत नव्हतं. लोक सांगायचे.”

तो खिशातून किल्ल्या काढून बोटाभोवती गुंडाळत होता. त्याच्या किल्ल्या खजुराच्या काथ्याच्या वीतभर दोरीत ओवलेल्या असतात. बाप करकना बेटावर मासेमारीचे दोर वळायचा, त्यातला हा शेवटचा तुकडा. बायकोनं चांदीची साखळी आणून दिली होती. ती त्यानं ड्रॉवरमध्ये सन्मानानं ठेवली आहे.

कॉफीच्या यंत्राजवळच्या भिंतीवर दोन पोस्टरं शेजारीशेजारी लावलेली होती. डावीकडचं चार वर्षांपूर्वीचं, फ्रेंच. उजवीकडचं तीन वर्षांपूर्वीचं, अरबी. दोन्हींवर तोच विषाचा रेणू: तीन चपट्या फिती आणि मध्ये एक पिळलेला दोर. शेदली कॉफी पीत दोन्हींकडे बघत राहिला. मग चष्मा लावून अरबी पोस्टरच्या तळाची बारीक ओळ वाचली.

“काय लिहिलंय?”

“रचना, नौफल. आणि छपाईचं वर्ष.” त्यानं कप ठेवला. “कॉफी वाईट आहे. हेदी शाळेतही असाच होता.”

दलंदा तिच्या टेबलापाशी बसली होती. तिशीची, कोरड्या चेहऱ्याची. टेबलाखाली काढून ठेवलेली चप्पल तिनं उभी राहण्यापूर्वी फरशीवर दोनदा आपटली, उलटी करून झटकली आणि मग पायात घातली. तिसऱ्या मजल्यावर, वातानुकूलित खोलीत.

शेदलीनं ते बघितलं. तिनं त्याला बघताना बघितलं.

“शिरीन म्हणून बहीण होती,” ती म्हणाली. “नऊ वर्षांची. चपलेत होता. जवळच्या दवाखान्यात विषावर उतारा म्हणून टोचतात ती लस नव्हती, तोझरला पोचेपर्यंत उशीर झाला.”

शेदलीनं खुर्ची ओढली. “मंगळवारचं सांग, पोरी.”

“काय सांगू, अम्म शेदली? सगळं तेच होतं.” काकाला म्हणतात तसं ती त्याला अम्म म्हणाली आणि तो थोडा सैल झाला. “फक्त… हसाल तुम्ही.”

“हा हसेल. मी नाही हसत.”

“प्रोग्राम उघडला की तळाच्या पट्टीत एक ओळ यायची. ‘या. बसा. चहा स्वतःचा आणा.’ तीन वर्षं, रोज सकाळी. इथे मला दुसरं कुणी ‘या, बसा’ म्हणत नाही, म्हणून लक्षात राहिलं. मंगळवारी पट्टी कोरी होती. चित्र बिघडायच्या आधीच मला कळलं, काहीतरी चुकलंय.”

“प्रोग्रामनं सलाम केला नाही.”

“नाही केला.”

शेदलीनं दोरी बोटावरून सोडली. “आणि तू हे हेदीला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाले, यंत्राच्या शिष्टाचाराची चर्चा नंतर करू.”

३

जलीला पन्नाशीची. तिच्या ताब्यात सगळी यंत्रं, सगळ्या चाव्या आणि सगळ्यांची माहिती. अशी एक बाई प्रत्येक कचेरीत असते आणि पोलिसांनी तिच्यापासूनच सुरुवात करावी. शेदलीनं दुसऱ्या नंबरवर केली, त्याबद्दल तिनं त्याला पाच मिनिटं उभं ठेवलं.

“सलाम नौफलनं घातला होता,” ती म्हणाली. “इथल्या सगळ्या स्क्रिप्ट तोच लिहितो. चहाची ओळही त्याचीच. कुणाला पाजावा लागू नये म्हणून.”

“पण प्रोग्राम सलाम करतो कसा, लल्ला जलीला? कुणी सांगितल्याशिवाय?” बाईसाहेबांना इथे ‘लल्ला’ म्हणतात, साहेबांना ‘सी’.

“एक फोल्डर असतो. प्रोग्राम उघडला की आधी त्यात डोकावतो. तिथे स्क्रिप्ट असली तर ती आपोआप चालते, कुणी खुर्चीत टेकायच्या आधी. घरधनी आत येण्यापूर्वीच नोकरानं पडदे सारून ठेवावेत, तसं. सगळे एकाच नावानं यंत्र उघडतात, म्हणून सगळ्यांना तोच नोकर.”

“आणि तो आता कुठे आहे?”

जलीलानं फोल्डर उघडला. रिकामा होता. फोल्डरला शेवटचा हात लागला होता सोमवारी, दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी.

“सोमवारी त्या वेळी इथे कोण होतं?”

“मी, दलंदा, सी हेदी, नौफल. चौघंही. पाहुणे यायचे म्हणून झाडलोट चालली होती.”

“नोकर काय काय काम करायचा?”

“माहीत नाही. मी कधी वाचलं नाही. सलाम करतो म्हटल्यावर माणूस चांगलाच असणार.”

शेदलीनं मान डोलावली. पोलिसात तीस वर्षं काढलेल्या माणसाची मान होती ती. मग दाराकडे जाता जाता, छत्री विसरल्यासारखा, तो थांबला.

“उंदरांवर चाचणी कोण करतं?”

“सी हेदी स्वतः. शुक्रवारी, मशिदीतून आल्यावर. तेव्हा इथे शांतता असते.”

“जगले?”

“चाळीसातले अडतीस. खात्यानं त्यावरच तर मंजुरी दिली.” ती थांबली. “एक विचारू? जुन्या लशीच्या फ्रीजची किल्ली त्यांच्याकडेच असते. वर्षभर शनिवारी कचऱ्यात मला लशीच्या रिकाम्या कुप्या सापडतात. मुदत संपलेल्या टाकतात, असं मी समजत होते.”

“मुदत संपलेल्या होत्या?”

जलीलानं उघडा फोल्डर बंद केला.

“एकीवर वाचली होती मी,” ती म्हणाली. “तीन वर्षं शिल्लक होती.”

४

नौफल छत्तीस वर्षांचा, गोरा, नखं खाणारा. अकरा वर्षं कंत्राटावर होता आणि यंदा कायम होणार होता. हे त्यानं आम्ही बसायच्या आतच सांगितलं.

“सोमवारी एक चाळीसला कुठे होतास?”

“इथेच. फाइलला मी हात लावलेला नाही, सी शेदली. तारीख बघा.”

“बघितली. तू चहावाला सलाम लिहिलास ना?”

“जुनी गोष्ट आहे. आठवत नाही.”

“मग पोस्टर? तेही तितकंच जुनं आहे.”

नौफलनं नख तोंडातून काढलं. “पोस्टरचं काय?”

“सुंदर आहे,” शेदली म्हणाला आणि उठला.

बाहेर येऊन तो पुन्हा त्या वाईट कॉफीसमोर उभा राहिला. एक हात फ्रेंच पोस्टरवर, एक अरबीवर. मग त्यानं दलंदाला हाक मारली.

“तो मधला पिळलेला दोर. तो विषात खरंच असतो, की शोभेसाठी काढलाय?”

“खरंच असतो. सगळ्या सजीवांच्या प्रोटीनांत असतो.”

“पीळ कुठल्या बाजूचा?”

“उजवाच. स्क्रूसारखा. विंचू असो, माणूस असो, खजूर असो. निसर्गात डाव्या पिळाचा असा दोर…”

ती बोलता बोलता थांबली.

शेदलीनं किल्ल्यांची दोरी दोन बोटांत धरून फ्रेंच पोस्टरवर टेकवली. “माझ्या बापाचा पीळ. आणि हा पीळ. जुळतात. आता उलटी धरतो, खालचं टोक वर. तरी जुळतात. आडवी धरली, पाठ फिरवली, तरी पीळ तोच. दोर कसाही फिरवा, पीळ बदलत नाही. बाप सांगायचा, चोर दोराचा रंग बदलेल, लांबी बदलेल, पीळ बदलू शकत नाही.” त्यानं तीच दोरी अरबी पोस्टरवर टेकवली.

काथ्याच्या रेघा एका बाजूला तिरक्या होत्या आणि चित्रातल्या दुसऱ्या बाजूला. लहान पोरालाही दिसावं इतकं. तीन वर्षं त्यासमोर उभं राहून शहाणी माणसं कॉफीला नावं ठेवत होती.

“एकाच ठिकाणी बदलतो,” शेदली म्हणाला आणि तोंड धुवायच्या बेसिनवरच्या आरशासमोर त्यानं दोरी धरली.

दलंदानं आरशातली दोरी बघितली आणि मग अरबी पोस्टरवरचा दोर.

“मी पीळ झाकून ठेवते,” ती म्हणाली. “प्रोग्राममध्ये नुसती वरची कातडी ठेवायची, खड्डे-उंचवटे बघायचे. खोबणीवर काम असतं ना. आतलं कशाला बघायचं?” मग ती वळली. “अम्म शेदली, आज पडद्यावर कुठला पीळ आहे?”

“आत्ताच जलीलाकडून उघडून बघितला. उजवा.”

म्हणजे घडलं होतं ते उलटंच. मंगळवारी चित्र बिघडलं नव्हतं. मंगळवारी ते तीन वर्षांत पहिल्यांदा नीट झालं होतं.

आणि चाळीस कुप्या खोक्यात भरून तयार होत्या.

५

गुरुवारी सकाळी साडेअकराला शेदलीनं चौघांना यंत्रासमोर बसवलं. खाली गाडीवाला येऊन थांबला होता. त्यानं एकदा हॉर्न वाजवून तशी वर्दी दिली.

“हेदी, तू मला बिघडवणारा शोधायला सांगितलंस,” तो म्हणाला. “मी कालपासून तोच शोधत होतो. पण ज्याला घर बिघडवायचं असतं तो आत काहीतरी आणून ठेवतो. इथे काही आणलेलं नाही, काहीतरी नेलंय. सलाम करणारा नोकर कुणीतरी हाकलला. जाताना तो सलाम घेऊन गेला, आणि त्याच्यासोबत आणखी एक काम गेलं, जे तो मुकाट्यानं करत होता. आलेल्या विषाचा कोट आतून बाहेर उलटा करायचा. उजव्याचं डावं. तीन वर्षं या यंत्रावर जे विष उघडलं गेलं ते आरशातलं होतं.”

“पुरावा?” हेदी म्हणाले.

“तुझी भिंत. फ्रेंच पोस्टर नोकर यायच्या आधीचं, अरबी तो आल्यानंतरचं. हाकलला कुणी, तर ज्याला नोकराचं दुसरं काम माहीत होतं त्यानं. तू दोन बोटांनी टाइप करतोस. जलीलानं स्क्रिप्ट वाचली नव्हती. दलंदाला ठाऊक असतं, तर तिनं पाच पाहुण्यांसमोर स्वतःचं हसं करून घेतलं नसतं. उरतो तो, ज्यानं त्याला कामावर ठेवलं.”

नौफलनं नख सोडलं. चेहऱ्यावर भीतीपेक्षा सुटकाच जास्त होती.

“पोस्टर अरबी होतं,” तो म्हणाला. “मजकूर उजवीकडून सुरू होणार. सी हेदी म्हणाले, विषाचं तोंड मजकुराकडे हवं, पाठ करून बसलेलं बरं दिसत नाही. फिरवलं तर खोबण मागे जायची. मग मी एका ओळीत डावं-उजवं बदललं. चित्र झकास आलं. आठवडाभर रोज नवी प्रत काढायची होती, म्हणून ती ओळ सलामाच्या खाली टाकून ठेवली. आठवड्यानं काढणार होतो.”

“तीन वर्षं झाली,” जलीला म्हणाली.

“लल्ला, मला माहीत आहे किती झाली.”

“आणि सोमवारी?”

“पाहुणे येणार होते. खात्याच्या लोकांना ‘चहा स्वतःचा आणा’ दिसायला नको, म्हणून ती ओळ काढायला स्क्रिप्ट उघडली. खाली ती दुसरी ओळ होती.” तो दलंदाकडे न बघता बोलत होता. “अर्धा तास नुसता बसलो. मग सगळीच स्क्रिप्ट काढून टाकली. वाटलं, उद्या सगळे बघतील, आपोआप थांबेल. मला बोलावं लागणार नाही.”

“आणि मला खोटारडी ठरवलं तेव्हा?” दलंदा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं, असं नौफलच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“डिसेंबरात कायम होणार होतो,” तो म्हणाला.

प्राध्यापक हेदींनी घड्याळ बघितलं आणि उठले.

“म्हणजे चूक नौफलची. दलंदा, तुझं नाव स्वच्छ. तसं पत्र मी आजच देतो.” त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “पडद्यावर डावं असो, उजवं असो, उंदीर काही पडदा बघून जगत नाहीत. अडतीस जगले. का बसलं ते नंतर शोधू. औषध तुझं आहे, पोरी. गाडी जाऊ दे.”

खरं सांगायचं तर ते वाक्य फार छान होतं. त्यात तिची तीन वर्षं होती, पदवी होती, केंद्र होतं, शिरीनही होती.

शेदलीनं जलीलाकडे बघितलं. जलीलानं पर्समधून एक रिकामी कुपी काढून टेबलावर ठेवली. जुन्या लशीची. मुदत तीन वर्षं शिल्लक.

“हेदी,” शेदली म्हणाला, “शुक्रवारी उंदरांना बुचाबरोबर आणखी काय टोचायचास?”

हेदींनी कुपी उचलली, फिरवली, पुन्हा ठेवली. बराच वेळ नीट सरळ करत राहिले.

“थोडीशीच,” ते म्हणाले. “बूच जरा कमी पडत होतं. नुसत्या बुचावर… पहिल्या खेपेला एकही नाही जगला. पण कल्पना बरोबर होती, शेदली. इतकी सुंदर बसायची. डोळ्यांनी दिसायचं. मला वाटलं, मात्रा चुकत असेल. यंदा औषध निघालं नाही तर केंद्र बंद करायचं पत्र आलंय. आणि तोझरला लस आहेच. डॉक्टर दोन्ही देतीलच.”

“नाही देणार,” दलंदा म्हणाली. “कागदावर लिहिलंय. पहिल्या चाळीस जणांना फक्त बूच, लस नाही. म्हणजे बुचाचा गुण कळेल.”

“कुणी लिहिलंय?”

“सही तुमची आहे.”

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

दलंदा उठली. टेबलाखालची चप्पल तिनं दोनदा आपटली, झटकली, पायात घातली. मग टेबलावरचा फोन ओढून तोझरचा नंबर फिरवला.

“दलंदा, विचार कर,” हेदी म्हणाले. “हे सांगितलंस की तू तीन वर्षं काय करत होतीस, असं विचारतील.”

“मीही तेच विचारतेय,” ती म्हणाली आणि पलीकडून कुणी फोन उचलला. “डॉक्टर, स्फाक्सहून दलंदा. चाळीस कुप्या येत नाहीत. नाही, उशीर नाही, येतच नाहीत. जुनी लस असेल तेवढी वर काढून ठेवा, कमी पडली तर आमचा फ्रीज उघडून पाठवते. कारण? कारण मी विंचवाच्या आरशातल्या रूपावर औषध केलंय. हो. तुमच्याकडे तसे विंचू नाहीत. लिहून घ्या, माझं नाव घाला.”

फोन ठेवून तिनं हात पुढे केला. हेदींनी गळ्यातली फ्रीजची किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

बाराला गाडी निघाली. बुचाचं खोकं उतरवलं होतं आणि त्याच्या जागी लशीची तीन होती. गाडीवाल्यानं काही विचारलं नाही. खोकी आहेत ना, एवढंच त्यानं बघितलं.

६

निघताना दलंदा फाटकापर्यंत आली.

“तीन वर्षं,” ती म्हणाली.

शेदली किल्ल्यांशी खेळत होता. “मला तुमचं काही कळत नाही. पण समज, चांभारानं उजव्या पायाचं माप घेतलं, आणि चूक होऊन चप्पल झाली डाव्याची. चप्पल वाईट नाही. शिवण पक्की आहे. मग जोडीची दुसरी शिवायला किती वेळ लागतो?”

ती जागीच थांबली. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी गाडी सुरू करायचा थांबलो.

“आरशातल्या विषाला हे बूच बसतं,” ती सावकाश म्हणाली, स्वतःशीच. “तर खऱ्या विषाला आरशातलं बूच बसेल. ज्या अमिनो आम्लांच्या मण्यांचं बूच ओवलंय, ते मणीच उलटे घ्यायचे. मिळतात ते विकत. आणि उलटे मणी शरीराला पचवता येत नाहीत, म्हणजे ते टिकेलही जास्त.” मग तिनं शेदलीकडे संशयानं बघितलं. “तुम्हाला हे माहीत होतं?”

“मला चपलांचं माहीत होतं,” शेदली म्हणाला.

त्या आठवड्यात तोझरच्या इस्पितळात अकरा जण आले. एक आजोबा होते, दोन बाळं होती, बाकी खजुराच्या बागांतले मजूर. अकराही जणांना जुनी लस मिळाली आणि अकराही चालत घरी गेले, बाळं सोडून. ती कडेवर गेली. गाडी ठरल्याप्रमाणे गेली असती तर किती गेले असते, याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता आणि सोडून दिला.

हेदींनी त्याच महिन्यात राजीनामा दिला. शेदली अजून दर रविवारी त्यांच्याकडे पत्ते खेळायला जातो आणि त्यांच्या हातातली पानं त्यांना मोठ्यानं मोजायला लावतो. नौफल कायम झाला नाही. पण उलट्या बुचाची स्क्रिप्ट त्यानंच लिहिली, आणि दलंदानं ती शेजारी बसून ओळ न ओळ वाचली. दीड वर्षानं उंदीर जगले, नुसत्या बुचावर. टोचताना तीन साक्षीदार होते आणि लशीच्या फ्रीजची किल्ली चौथ्याच्या घरी होती.

मी मागच्या महिन्यात केंद्रात गेलो होतो. अरबी पोस्टर दलंदानं काढू दिलेलं नाही, कॉफीही तीच आहे. तिनं मला यंत्रासमोर बसवून प्रोग्राम उघडून दाखवला. तळाच्या पट्टीत ओळ आली:

‘या. बसा. आज काहीही उलटं केलेलं नाही.’

असं तो नोकर म्हणतो. मी तिच्याकडे बघितलं. ती त्या ओळीकडे बघत नव्हतीच. तिनं ड्रॉवरमधून काथ्याचा एक वीतभर तुकडा काढला होता आणि तो पडद्यावरच्या विषावर टेकवून ती पीळ जुळवून बघत होती.

घरी निघताना मी दारातल्या चपला झटकून घातल्या. तिसऱ्या मजल्यावर, वातानुकूलित पॅसेजमध्ये. कुणी हसलं नाही.